फादर थॉमस स्टीफन्स

इंग्लंडात जन्मलेले हे येशूसंघीय धर्मगुरू १५७९ साली गोव्यास आले व बहुतांश काळ साष्टीत सेवा करून १६१९ साली प्रभुचरणी विसावले. १६१६ साली राचोल येथे छापिलेल्या त्यांच्या ओवीबद्ध ख्रिस्तपुराणात श्रोते मधेच शंका विचारितात व पाद्री त्यांचे समाधान करितो.

मनुष्य पडणार हे ठाऊक असता देवाने ते झाड लाविलेच कां, असे आमच्या अहेरीतील वृद्धही पुसतात. पूर्वी आम्ही, श्रद्धा ठेवा, एवढेच सांगून त्यांस वाटेस लावीत असू. पुराण वाचिल्यावर आम्हांस त्याची लाज वाटली. आज्ञा मोडण्याची मोकळीक नसती, तर मनुष्याच्या प्रेमासही अर्थ उरला नसता, असे आता आम्ही समजावितो. एका आजींस हे पुरेसे वाटले नाही. त्या येत्या रविवारी पुन्हा येणार आहेत.