इमानाचा तोफखाना : इब्राहिमखान गारदी

धारणीहून परतवाड्याच्या रस्त्याने मेळघाट उतरला की अचलपूर लागते. अठराव्या शतकात हे एलिचपूर, वऱ्हाड सुभ्याचे मुख्य ठाणे होते. हा सुभा निजामअलीकडे असताना त्यांच्या चाकरीत एक सरदार होते, इब्राहिमखान गारदी. फ्रेंच सेनापती बुसी यांच्या हाताखाली ते कवायती पायदळ आणि तोफखाना शिकले होते. रांगेत उभे राहून हुकुमासरशी बंदुका झाडणारे शिपाई ते गारदी.

पुढे सदाशिवरावभाऊंनी त्यांना पेशव्यांच्या चाकरीत घेतले. १७६० मध्ये उत्तरेच्या मोहिमेवर भाऊंचा सर्वाधिक भरवसा याच तोफखान्यावर होता. जुन्या सरदारांना मात्र तो खुपे. घोडदळ सरंजामावर आणि लुटीवर जगे; गारद्यांना दरमहा रोख पगार लागे आणि इब्राहिमखान तो आपल्या माणसांसाठी हट्टाने मागत.

पानिपतावर अब्दालीने मराठ्यांची रसद तोडली. रोजेदाराला मगरिबच्या अजानची खात्री असते. त्या छावणीतल्या भुकेला शेवट नव्हता. १४ जानेवारी १७६१ च्या सकाळी मराठे उपाशीपोटीच लढाईला निघाले. शुजाउद्दौलाच्या पदरी असलेल्या काशिराज पंडिताने लिहून ठेवले आहे की, त्या दिवशी इब्राहिमखानांनी भाऊंना पगाराच्या जुन्या तक्रारीची आठवण दिली. या महिन्याचा पगार मिळालाच नव्हता, तरी आज त्या मिठाचे ऋण फेडतो, असे सांगून ते पुढे झाले. समोर रोहिले होते, त्यांचेच धर्मबंधू. गारद्यांनी संगिनी रोखून त्यांची फळी खिळखिळी केली. पण सहा पलटणी जवळजवळ संपल्या. जखमी इब्राहिमखान शत्रूच्या हाती सापडले. शुजाने त्यांना वाचवू पाहिले, पण अब्दालीच्या लोकांनी त्यांना ताब्यात घेतले आणि त्या कैदेतच त्यांचा अंत झाला.

बारा वर्षांनी, १७७३ मध्ये, शनिवारवाड्यात गारद्यांनी नारायणराव पेशव्यांचा खून केला आणि ‘गारदी’ हा शब्द मराठीत कायमचा बदनाम झाला. त्या खुनाचे गारदी सर्वांना आठवतात. पगार थकलेला असताना पानिपतावर मेलेले गारदी फार थोड्यांना. दिलेला वायदा पाळणे ही इस्लामने मोमिनाची खूण मानली आहे. इब्राहिमखानांनी तो मराठ्यांच्या झेंड्याखाली शेवटपर्यंत पाळला.