सुब्बाराव आणि लाल औषधाचा हिशेब

पिंपरीला १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली आणि बुरशीतून औषध निघते ही गोष्ट इथल्या माणसांना शाळेच्या पुस्तकाबाहेर कळली. त्याच परिसरातल्या एका बँकेत मी अधिकारी होतो. कारखान्यातले निवृत्त रसायनतज्ज्ञ मुदतठेवीचे व्याज न्यायला येत, माझ्या टेबलाशी चहा होई. डॉ. येल्लाप्रगडा सुब्बाराव हे नाव मी प्रथम त्यांच्याच तोंडून ऐकले. १९९५ साली, जन्मशताब्दीच्या वर्षी, टपाल खात्याने त्यांचे तिकीट काढले. तरी आपल्या घरांत हे नाव अजून पाहुण्यासारखेच आहे.

सुब्बारावांचा जन्म १२ जानेवारी १८९५ रोजी आंध्रातल्या भीमावरमचा. घरची ओढगस्त. तरुणपणीच दोन भाऊ संग्रहणीने गेले. मद्रासला डॉक्टरी शिकताना त्यांनी गांधीजींच्या हाकेसरशी खादी चढवली. इंग्रज प्राध्यापकाची मर्जी गेली आणि पदवीऐवजी दुय्यम दर्जाचे एल.एम.एस. पदरी पडले. सासऱ्यांनी पैशाची मदत केली. पत्नीला मागे ठेवून ते बोस्टनला गेले, ते पुन्हा कधी मायदेशी आलेच नाहीत. या एका गोष्टीबद्दल मला त्यांचे कौतुक करवत नाही.

तिथे पोटासाठी इस्पितळात हलकी कामे केली. पुढे हार्वर्डमध्ये सायरस फिस्क यांच्याबरोबर त्यांनी स्नायूंमधले फॉस्फोक्रिएटिन शोधले आणि १९२९ साली एटीपी. (त्याच वर्षी जर्मनीत लोमान यांनाही ते सापडले.) स्नायू चालतो तो या इंधनावर. हृदय तर सुट्टी ठाऊक नसलेला स्नायू. ठोक्यागणिक इंधन जाळायचे, लगेच नवे बनवायचे. एवढे करूनही हार्वर्डने त्यांना कायम केले नाही.

१९४० साली ते लेडर्ले या औषध कंपनीत गेले. भावांना नेणाऱ्या संग्रहणीवर उपाय शोधण्याचा ध्यास सुटला नव्हता. त्यातूनच त्यांच्या चमूने फॉलिक ॲसिड तयार केले. मग त्याचा तोतया, अमिनोप्टेरिन. बोस्टनच्या सिडने फार्बर यांनी तो रक्ताचा कर्करोग झालेल्या मुलांना दिला. जून १९४८ मध्ये त्यांनी १६ मुलांचा अहवाल छापला. १० मुलांना उतार पडला होता. टिकला नाही, पण मुलांच्या केमोथेरपीची वाट तिथून सुरू झाली. अमिनोप्टेरिनचा भाऊबंद मेथोट्रेक्सेट आजही मुलांना देतात.

चाकणला छोटे वर्कशॉप चालवणारे आमचे एक खातेदार होते. त्यांच्या सात वर्षांच्या मुलीला हाच आजार. मुंबईच्या फेऱ्यांसाठी ठेव मोडायला आले, तेव्हा त्यांनी विचारले, रोग रक्तात आहे तर साहेब, छातीला तारा कशाला लावतात? हा खर्च वाचेल का?

या प्रश्नाचे उत्तर सुब्बारावांच्याच पहिल्या शोधापाशी जाते. एका औषधाने भागत नाही म्हणून १९६०च्या दशकात इटलीच्या मातीतल्या जिवाणूंपासून मिळालेली डाऊनोरुबिसिन, डॉक्सोरुबिसिन ही औषधे जोडीला आली. वॉर्डात त्यांना लाल औषध म्हणतात. हे औषध कर्करोगाच्या पेशी मारते, पण हृदयाच्या पेशींतल्या, एटीपी बनवणाऱ्या भट्ट्यांनाही इजा करते. कधी ठोके धावतात, मध्येच एखादा अवेळी पडतो. बहुतेकदा आपोआप सावरतात. उलट्या-जुलाबांनी पोटॅशियम, मॅग्नेशियम उतरले तरी ताल बिघडतो. उलटी थांबवणारी काही औषधेही त्यात भर घालतात. म्हणून ईसीजी, म्हणून इको, म्हणून रक्ततपासणी. लाल औषध नाकारून चालत नाही; त्याने मुले वाचतात.

खरी धास्ती एकूण मात्रेची. आमच्या भाषेत सांगायचे तर या खात्यावर नुसतेच नावे पडत जाते, जमा काही होत नाही. मूल बरे झाले, कॉलेजात गेले, तरी हृदयाचा अशक्तपणा कित्येक वर्षांनी उघडकीस येऊ शकतो. एकूण किती औषध गेले तो आकडा फाईलमध्ये लिहून घ्यावा आणि मुलगी मोठी झाल्यावर बाळंतपणाच्या डॉक्टरांनाही दाखवावा. आमच्या खातेदारांनी एकही इको चुकवला नाही.

सुब्बारावांना यातले काही पाहायला मिळाले नाही. फार्बर यांचा अहवाल छापून जेमतेम दोन महिने झाले होते. ऑगस्ट १९४८ मध्ये न्यूयॉर्कला, रात्री झोपेतच हृदयविकाराने ते गेले. वय ५३.