जर्ट्रूड एलियन : बालरुग्णांसाठी झटलेली रसायनशास्त्रज्ञ

रक्ताच्या कर्करोगाने गांजलेली मुले आपल्या औषधाने सावरतात आणि काही महिन्यांनी पुन्हा खालावतात, हे जर्ट्रूड एलियन यांना पाहावे लागले. त्यांचे मर्कॅप्टोप्युरिन १९५३ मध्ये वापरात आले होते.

१९१८ मध्ये न्यूयॉर्कला जन्मलेल्या एलियन पंधरा वर्षांच्या असताना त्यांचे आजोबा कर्करोगाने गेले आणि त्यांनी रसायनशास्त्राची वाट धरली. स्त्री म्हणून प्रयोगशाळांची दारे बंद होती. शाळेत शिकवून, खाद्यपदार्थ तपासून दिवस काढल्यावर १९४४ मध्ये बरोज वेलकम कंपनीत जॉर्ज हिचिंग्ज यांच्या हाताखाली त्यांना जागा मिळाली. डॉक्टरेट अर्धवटच राहिली.

पुढे अस्थिमज्जा प्रत्यारोपणाने मुले वाचू लागली, पण नवी मज्जा रुजेपर्यंत प्रतिकारशक्ती जवळजवळ नसते. कांजिण्यांनंतर शरीरात दडून राहिलेला विषाणू तेव्हा उसळतो, प्रसंगी जिवावर बेततो. एलियन यांच्या गटाने १९७८ मध्ये जगापुढे मांडलेले असायक्लोव्हिर इथे उपयोगी पडले. विषाणूचेच विकर त्याला कार्यान्वित करते. निरोगी पेशींना फारशी झळ पोहोचत नाही.

भारतातील पहिले अस्थिमज्जा प्रत्यारोपण १९८३ मध्ये मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयात नऊ वर्षांच्या मुलीवर झाले. वडोदरा असो वा पणजी, या उपचारासाठी तेव्हा मुंबईच गाठावी लागे.

१९८८ मध्ये हिचिंग्ज व जेम्स ब्लॅक यांच्यासह एलियन यांना नोबेल मिळाले. १९९९ मध्ये त्या निवर्तल्या. सायटोमेगॅलो विषाणूपुढे मात्र असायक्लोव्हिर दुबळे पडते. त्यावरचे गॅन्सायक्लोव्हिर नव्या मज्जेलाच दुखावते, म्हणून डॉक्टर ते जपून देतात.