गंधवाटांच्या संशोधिका : डॉ. व्हेरोनिका रॉड्रिग्ज

विद्येसाठी वा उदरनिर्वाहासाठी जन्मभूमी सोडलेल्या माणसाला आपले घर कोणते, हा प्रश्न केव्हा ना केव्हा पडतोच. बंगळुरात स्थायिक झालेल्या आपणा मराठी माणसांना तो नवा नाही. ज्यांचे अवघे आयुष्य या प्रश्नाने वेढले होते आणि ज्यांनी त्याचे उत्तर आपल्या कामात शोधले, अशा एका गोमंतकीय विदुषीचा हा अल्प परिचय.

डॉ. व्हेरोनिका रॉड्रिग्ज यांचा जन्म १९५३ मध्ये केनियात, मूळच्या गोव्याच्या कुटुंबात झाला. उच्च शिक्षणासाठी त्या युगांडातील मॅकेरेरे विद्यापीठात दाखल झाल्या. परंतु त्या देशावर इदी अमीनची हुकमत आली आणि १९७२ मध्ये हजारो आशियाई कुटुंबांना चंबूगबाळे आवरून बाहेर पडावे लागले. व्हेरोनिकाबाई पुढील शिक्षणासाठी आयर्लंडमध्ये डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजात गेल्या आणि तेथे पदवीधर झाल्या.

त्या काळी आपल्याकडील बुद्धिमान तरुणांची रीघ पश्चिमेकडे लागलेली होती. व्हेरोनिकाबाईंनी नेमकी उलटी वाट धरली. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील डॉ. ओबेद सिद्दिकी यांच्या संशोधनाने त्यांना ओढ लावली आणि कधी न राहिलेल्या देशात, कुलाब्याच्या प्रयोगशाळेत, त्या विद्यार्थिनी म्हणून येऊन दाखल झाल्या.

तेथे अभ्यासाला घेतला तो क्षुद्र वाटणारा जीव : पिकलेल्या केळ्याभोवती घोंगावणारी फळमाशी. अंड्यापासून माशी व्हायला तिला जेमतेम दहा दिवस लागतात, आणि एखाद्या जनुकात बदल झाला की त्याचा परिणाम वर्तनात तपासता येतो. चव किंवा वास ओळखण्यात चुकणाऱ्या माश्या निवडून, त्या दोषामागील जनुकांचा माग काढण्याचे काम गुरुशिष्येने आरंभले. त्यांचा महत्त्वाचा निबंध १९७८ मध्ये प्रसिद्ध झाला.

पुढे जर्मनीतील ट्युबिंगन येथे त्यांनी मेंदूतील गंधाचा नकाशा शोधला. काम करणारी चेतापेशी अधिक साखर ओढून घेते. किरणोत्सर्गी खूण असलेली साखरेसारखी द्रव्ये माशीला देऊन, तिला विशिष्ट वास हुंगवला, की मेंदूचा कोणता भाग जागा झाला ते दिसते. वेगवेगळ्या गंधांनी चेतातंतूंचे वेगवेगळे गुच्छ उद्दीपित होतात, हे त्यांच्या १९८४ व १९८८ च्या निबंधांत आले. त्यानंतर त्या मुंबईस परतल्या आणि यथावकाश जीवशास्त्र विभागाच्या प्रमुख झाल्या.

आता प्रश्न अधिक खोल गेला. माशीच्या शृंगिकेतून निघालेले शेकडो चेतातंतू मेंदूतील सुमारे पन्नास गुच्छांपैकी आपला नेमका गुच्छ गाठतात तरी कसे? व्हेरोनिकाबाई व त्यांच्या विद्यार्थ्यांनी २००२ मध्ये दाखवून दिले की, एका विशिष्ट वंशाच्या चेतापेशींचे तंतू प्रथम पोहोचतात आणि गुच्छांच्या रचनेची सुरुवात करतात. हे अग्रदूत नसले तर मागून येणाऱ्या तंतूंचे गुच्छ नीट बांधलेच जात नाहीत. ज्या जनुकांच्या आधारे माशीच्या मेंदूचा हा भाग घडतो, त्यांतील काहींचे भाऊबंद सस्तन प्राण्यांच्या मेंदूच्या जडणघडणीतही आढळतात. कंपवात व स्मृतिभ्रंश यांसारख्या मेंदू झिजवणाऱ्या विकारांत गंधज्ञान पुष्कळदा आरंभीच मंदावते, हे लक्षात घेतले तर माशीच्या नाकाचा हा अभ्यास माणसापासून दूर नाही, हे उमजते.

डॉ. सिद्दिकींनी टाटा संस्थेचेच एक केंद्र म्हणून बंगळुरात राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्र उभे केले होते. बेल्लारी रस्त्यालगत कृषी विद्यापीठाच्या झाडीत वसलेल्या या केंद्रात व्हेरोनिकाबाईंनी अखेरची वर्षे काम केले. कर्करोगाशी झुंजत असतानाही त्यांनी संशोधन सोडले नाही. १० नोव्हेंबर २०१० रोजी वयाच्या सत्तावन्नाव्या वर्षी त्यांचे निधन झाले. त्यास दीड दशक उलटून गेले.

त्यांच्या मृत्यूनंतर, २०११ मध्ये, त्यांचे नाव असलेला एक निबंध प्रसिद्ध झाला. एखाद्या वासाची सवय झाली की तो जाणवेनासा होतो. ही नाकाची थकावट नसून मेंदूतील आवर घालणाऱ्या पेशींची करणी आहे, असे त्यात सिद्ध केले होते. त्या कामातील एक प्रमुख सहकारी डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजातले होते. जेथून व्हेरोनिकाबाई निघाल्या, तेथेच त्यांच्या कामाचा धागा परत जाऊन पोहोचला.

केनिया, युगांडा, आयर्लंड, मुंबई, ट्युबिंगन, बंगळूर : इतके मुक्काम बदलूनही त्यांचा प्रश्न एकच राहिला, आणि जेथे तो प्रश्न जपला गेला तेच त्यांचे घर झाले. त्यांच्या हाताखाली घडलेले विद्यार्थी पुढे स्वतंत्र संशोधक झाले. आधी पोहोचलेल्यांनी जागा करून दिली, तरच मागून येणाऱ्यांना थारा मिळतो, हे त्यांनी माशीच्या मेंदूत पाहिले आणि माणसांत आचरूनही दाखवले. परगावी मंडळ चालवणाऱ्या आपणांस याहून मोठा धडा दुसरा कोणता हवा?