आकड्यांना समान भाषा देणारे केतले

वजनाला उंचीच्या वर्गाने भागून काढला जाणारा ‘बॉडी मास इंडेक्स’ आज घरोघरी परिचित आहे. या सूत्राचे जनक अ‍ॅडॉल्फ केतले यांचे त्याहून मोठे कार्य मात्र विस्मृतीत गेले आहे. निरनिराळ्या देशांची सरकारी आकडेवारी परस्परांशी ताडून पाहता यावी, यासाठी ते आयुष्यभर झटले.

केतले यांचा जन्म २२ फेब्रुवारी १७९६ रोजी घेंट येथे झाला. सातव्या वर्षी त्यांचे पितृछत्र हरपले. गणित शिकवीत त्यांनी १८१९ मध्ये घेंट विद्यापीठाची डॉक्टरेट मिळविली. ब्रुसेल्समध्ये वेधशाळा उभारण्याच्या ध्यासापोटी १८२३ मध्ये ते पॅरिसला गेले. तेथे खगोलशास्त्राबरोबरच संभाव्यताशास्त्राची त्यांना ओढ लागली. आकाशस्थ गोलांप्रमाणेच समाजाच्या व्यवहारांतही, जन्म, मृत्यू, विवाह, इतकेच काय गुन्ह्यांतही, नियमितता असते, असे त्यांनी १८३५ मधील आपल्या ग्रंथात ‘सरासरी मानवा’च्या कल्पनेतून मांडले.

हे पडताळायचे तर अनेक देशांचे आकडे हवेत. आणि तेथेच अडचण होती. कुणी प्रत्यक्ष हजर असलेली माणसे मोजी, तर कुणी नोंदणीकृत रहिवासी. वयोगट निराळे, मृत्यूच्या कारणांची नावेही निराळी. केतले यांनी सुरुवात घरापासून केली. १८४१ मध्ये स्थापन झालेल्या बेल्जियमच्या मध्यवर्ती सांख्यिकी आयोगाचे ते अध्यक्ष झाले. या आयोगाच्या देखरेखीखाली झालेली १८४६ ची जनगणना इतर देशांना आदर्श ठरली.

त्यांच्याच पुढाकाराने १८५३ मध्ये ब्रुसेल्स येथे पहिली आंतरराष्ट्रीय सांख्यिकी परिषद भरली. व्याख्या, तक्ते व वर्गीकरण सर्वत्र एकसारखे असावे, हा तिचा आग्रह होता. १८६० च्या लंडन अधिवेशनाचे उद्घाटन तर केतले यांचे एकेकाळचे शिष्य प्रिन्स अल्बर्ट यांनी केले. तथापि, परिषदेचे ठराव कोणत्याही सरकारवर बंधनकारक नव्हते. प्रत्येक देशाला आपलीच पद्धत प्रिय होती.

१८५५ मध्ये पक्षाघाताच्या झटक्याने केतले यांची स्मरणशक्ती क्षीण झाली. तरीही १८७२ मध्ये, शहात्तराव्या वर्षी, ते सेंट पीटर्सबर्गच्या अधिवेशनास गेले. १७ फेब्रुवारी १८७४ रोजी ब्रुसेल्समध्ये त्यांचे निधन झाले. १८७६ च्या बुडापेस्ट अधिवेशनानंतर परिषदही बंद पडली.

विचार मात्र टिकला. १८८५ मध्ये आंतरराष्ट्रीय सांख्यिकी संस्था स्थापन झाली, तर १९४७ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या सांख्यिकी आयोगाची पहिली बैठक झाली. आज दोन देशांचे बालमृत्यू किंवा बेरोजगारी यांचे आकडे शेजारी शेजारी मांडता येतात, त्यामागे केतले यांनी धरलेला आग्रह आहे.