केसांची कहाणी

आमचे हे गेले त्याला आता तीन वर्षं होतील. पहिले काही महिने मी केस नुसते मागे गोळा करून बांधायची. तेल नाही, आरसा नाही. घरात कुणी काही बोललं नव्हतं, पण केस नीट विंचरायचीच लाज वाटायची. त्या दिवसांत मुलीने वाचनालयातून पार्वतीबाई आठवल्यांचं ‘माझी कहाणी’ आणून दिलं.

पार्वतीबाई देवरुखच्या जोशींच्या. जन्म १८७० चा. अकराव्या वर्षी लग्न आणि विसाव्या वर्षी वैधव्य. पदरात एक लहान मुलगा. त्या वेळच्या रूढीप्रमाणे केशवपन झालं, अंगावर आलवण आलं. मैत्रिणींनो, हे एकदा होऊन संपत नसे. केस वाढणारच! म्हणजे पुन्हा न्हाव्यासमोर बसायचं. नवरा गेल्याचं दुःख जरा कुठे खाली बसतंय, तोवर परत त्याची आठवण करून द्यायची.

त्यांची थोरली बहीण गोदूबाई. तीही बालविधवा, तिचंही केशवपन झालेलं. १८८९ साली ती मुंबईला पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनात शिकायला गेली आणि १८९३ साली तिने धोंडो केशव कर्व्यांशी पुनर्विवाह केला. याच त्या आनंदीबाई, म्हणजे बाया कर्वे.

धाकटीने मात्र दुसरं लग्न केलं नाही. पण बहिणीच्या आधाराने ती पुण्याला आली आणि पंचविशी उलटल्यावर पाटी-पुस्तक घेऊन बसली. कर्व्यांनी १८९६ साली विधवांसाठी आश्रम काढला, तो पुढे हिंगण्याला गेला. पार्वतीबाईंनी या आश्रमाला वाहून घेतलं. तिथल्या मुलींचं बघितलं, स्वयंपाकघर सांभाळलं, आणि गावोगाव हिंडून वर्गणी मागितली.

इतकं धीराचं काम करणाऱ्या या बाईंनी डोक्यावर केस मात्र ठेवले नव्हते. सख्ख्या बहिणीचं उदाहरण समोर होतं, घरात कर्व्यांसारखा सुधारक माणूस होता, तरीही नाही. चाळिशी ओलांडल्यावर त्यांनी स्वतःहून ठरवलं, की आता वपन बंद. केस वाढू द्यायचे.

वाचताना मी इथेच थांबले. वीसेक वर्षं लागली त्यांना! मला वाटतं, बाहेरच्या न्हाव्याला नको म्हणणं एक वेळ सोपं, पण आपण अशुभ आहोत हे मनात बसलेलं काढायला वेळ लागतो. तो त्यांनी घेतला. कुणाच्या सांगण्यावरून नाही, आपल्या आपण ठरवलं.

मग १९१८ साली, अठ्ठेचाळिसाव्या वर्षी, त्या चक्क अमेरिकेला गेल्या. इंग्रजी धड येत नव्हतं. तिथे लोकांच्या घरी घरकाम केलं, भाषा शिकल्या, संस्थेसाठी पैसे जमवले आणि १९२० साली परत आल्या. १९२८ साली त्यांनी हे सगळं लिहून काढलं.

आज आपल्याला न्हाव्यासमोर कुणी बसवत नाही. पण हळदीकुंकवाला गजऱ्यांचं ताट आपल्याला वळसा घालून जातं, ते आपल्यापैकी कितीतरी जणींना ठाऊक आहे. २०२२ साली कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड गावाने कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं बंद करायचा ठराव केला. गाव ठराव करू शकतं, पण गजरा माळायला हात आपलाच वर जावा लागतो.

मी परत तेल लावायला लागलेय. वेणीही घालते. गेल्या महिन्यात पुतणीच्या लग्नात ताट माझ्यापुढून सरकलं, तेव्हा मीच म्हटलं, अगं, मलाही दे. तिने दिला. हात जरा थरथरला, पण माळला.

तुमच्या घरी कार्य असेल, तर ते ताट अशा एखादीसमोर मुद्दाम थांबवा. ती आधी नको म्हणेल. पुन्हा विचारा.