थांबण्याचे धैर्य, घाईचे मोल

१९६६ च्या जानेवारीत मॉस्कोच्या वृत्तपत्रांनी एका अभियंत्याचा मृत्युलेख छापला, तेव्हा सामान्य सोव्हिएत वाचकाला त्याचे नाव प्रथमच कळले. जगातील पहिला कृत्रिम उपग्रह सोडणारा आणि पहिला मानव अंतराळात धाडून सुखरूप परत आणणारा हा पुरुष हयातभर जनतेला केवळ त्याच्या हुद्द्याने ठाऊक होता. सर्गेई पाव्लोविच कोरोलेव्ह यांच्या चरित्राकडे पराक्रमाची गाथा म्हणून पाहण्याची रीत आहे आणि ती अनाठायी नाही. तथापि माणसाला अग्निबाणाच्या टोकावर बसविताना कोणती खबरदारी घ्यावी लागते आणि ती हातून केव्हा सुटते, हे ज्याला जाणून घ्यावयाचे आहे, त्याने या चरित्रातील १९६० आणि १९६४ ही दोन वर्षे शेजारी शेजारी ठेवून पाहावीत.

कोरोलेव्ह यांचा जन्म १९०७ साली युक्रेनमधील झितोमिर येथे झाला. आईवडील विभक्त झाल्याने बालपण आजोळी गेले. पुढे ओडेसा येथे त्यांना ग्लायडरचे वेड लागले आणि मॉस्कोच्या तंत्रशिक्षणसंस्थेत तुपोलेव्ह यांच्यासारख्या थोर विमानतज्ज्ञाचे मार्गदर्शन लाभले. १९३३ च्या ऑगस्टमध्ये त्यांच्या गटाने द्रव प्राणवायू वापरणारा पहिला सोव्हिएत अग्निबाण उडविला. परंतु १९३८ मध्ये खोट्या आरोपांखाली त्यांना अटक झाली आणि कोलिमाच्या सोन्याच्या खाणीत सक्तमजुरीसाठी रवानगी झाली. तेथील हालअपेष्टांत त्यांचे दात गेले आणि प्रकृती कायमची ढासळली. नंतर कैदी अभियंत्यांच्या कार्यशाळेत त्यांना कामास जुंपण्यात आले. सुटका १९४४ मध्ये झाली. ज्या राज्यसत्तेने त्यांना खाणीत धाडले, तिच्याच आज्ञेने त्यांना पुढील सारे आयुष्य काम करावयाचे होते.

त्यांचा आर-७ हा अग्निबाण १९५७ मध्ये सिद्ध झाला तो अण्वस्त्र वाहून नेण्यासाठी. अस्त्र वाहणाऱ्या दहा अग्निबाणांपैकी दोन वाया गेले तर सेनापती ते सोसू शकतो. माणूस वाहणाऱ्या अग्निबाणाला हा हिशेब लागू पडत नाही. रॉकेल आणि द्रव प्राणवायू यांचा दोनशे टनांहून अधिक साठा पायाखाली घेऊन अंतराळवीर बसलेला असतो. इंजिनातील एखादा दोष क्षणार्धात स्फोटाचे रूप घेतो. आकाशात बऱ्याच उंचीवर गेल्यावर यान अलग करून उतरविण्यास अवधी मिळतो. उड्डाणाच्या पहिल्या काही सेकंदांत मात्र उंचीही नसते आणि वेळही नसतो.

१९६० च्या २८ जुलैला हे प्रत्यक्ष घडले. चायका आणि लिसिच्का या दोन कुत्र्यांना घेऊन निघालेला अग्निबाण अर्ध्या मिनिटाच्या आत नष्ट झाला आणि दोन्ही प्राणी मेले. त्यानंतर ऑगस्टमध्ये बेल्का आणि स्त्रेल्का सुखरूप परतल्या. लगेच, त्याच वर्षाच्या डिसेंबरात, माणूस पाठविण्याचा सरकारी संकल्प झाला. परंतु डिसेंबरातील दोन्ही चाचण्या फसल्या. तेव्हा कोरोलेव्ह यांनी मुदत जाऊ दिली. लागोपाठ दोन निर्दोष उड्डाणे झाल्यावाचून माणूस बसवावयाचा नाही, असा दंडक त्यांनी पाळला. १९६१ च्या मार्चमध्ये ९ आणि २५ तारखांना, प्रत्येकी एक कुत्री व एक पुतळा घेऊन, ती दोन उड्डाणे पार पडली. तोवर झालेल्या सात चाचण्यांपैकी अवघ्या तीन यानांचे परत येणे यशस्वी ठरले होते.

१२ एप्रिल १९६१ रोजी युरी गागारिन यांनी १०८ मिनिटांत पृथ्वीप्रदक्षिणा केली, तेव्हाही निर्धोकपणाची हमी नव्हती. प्रक्षेपणापूर्वी दार नीट बसल्याचा संकेत मिळेना, म्हणून सर्व बोल्ट काढून ते पुन्हा बसवावे लागले. परतीसाठी गतिरोधक इंजिन एकच होते. ते न पेटल्यास विरळ हवेच्या घर्षणाने यान दहा दिवसांत आपोआप खाली यावे अशी कक्षा योजिली होती आणि तितक्या दिवसांचे अन्न बरोबर दिले होते. प्रत्यक्षात यान ठरल्यापेक्षा अधिक उंच गेले आणि हा पर्याय जवळजवळ निरर्थक झाला. इंजिन पेटले म्हणून गागारिन परतले. तरीही जे जे तपासता येण्याजोगे होते, ते ते तपासून झाले होते. उरलेला धोका अज्ञानाचा होता, दुर्लक्षाचा नव्हता.

१९६४ मध्ये चित्र पालटले. अमेरिका दोन माणसांचे जेमिनी यान सिद्ध करीत होती आणि ख्रुश्चेव्ह यांच्या राजवटीला त्याआधी तीन माणसे धाडल्याचे श्रेय हवे होते. नवे सोयूझ यान तयार नव्हते. म्हणून एका माणसासाठी बांधलेल्या व्होस्तोकच्या गोलकातच तिघांना बसविण्याचे ठरले. जागा व्हावी म्हणून संकटकाळी बाहेर फेकणारे आसन काढले आणि अंतराळपोशाखही वगळले. प्रक्षेपणाच्या आरंभीच्या क्षणांत सुटकेचा कोणताही मार्ग उरला नाही. माणसाविना एकच चाचणी झाली आणि अवघ्या सहा दिवसांनी, १२ ऑक्टोबरला, कोमारोव्ह, येगोरोव्ह आणि स्वतः यानाच्या रचनेत सहभागी असलेले फेओक्तिस्तोव्ह हे तिघे निघाले. ते सुखरूप परतले, जगाने टाळ्या वाजविल्या. जे काढून टाकले त्याची वाच्यता झाली नाही.

दुर्दैव असे की, यशस्वी ठरलेली चूक ही फसलेल्या चुकीपेक्षा अधिक घातक असते. फसलेली चूक चौकशीला तोंड देते. यशस्वी चूक पुढच्या वेळी नियम होऊन बसते. पोशाखाविना प्रवास हा प्रघात सोयूझमध्येही टिकला. १९६७ च्या एप्रिलमध्ये, कोरोलेव्ह यांच्या पश्चात, माणसाविना केलेल्या चाचण्या अपयशी ठरल्या असतानाही सोयूझ-१ सोडण्यात आले. पॅराशूट न उघडल्याने कोमारोव्ह मृत्युमुखी पडले. १९७१ च्या ३० जूनला सोयूझ-११ परतीच्या वाटेवर असता एक झडप अवेळी उघडली, यानातील हवा निघून गेली आणि दोब्रोवोल्स्की, वोल्कोव्ह व पात्सायेव्ह हे तिघे प्राणांस मुकले. अंगावर पोशाख असते तर ते वाचले असते. त्यानंतरच पोशाख सक्तीचे झाले आणि त्यांना जागा करण्यासाठी प्रवासी तिनावरून दोनवर आले. सात वर्षांपूर्वी टाळलेला हिशेब अखेर असा चुकता करावा लागला.

याचा दोष एकट्या कोरोलेव्ह यांच्या माथी मारणे अन्यायाचे होईल. खाणीतून परतलेल्या माणसाने राज्यकर्त्याला नकार देणे किती अवघड, हे सांगण्याची गरज नाही. शिवाय गुप्ततेमुळे त्यांच्या निर्णयाची चिकित्सा करणारे खुले व्यासपीठच नव्हते. मात्र जेथे खुलेपणा अधिक होता त्या अमेरिकेतही १९८६ मध्ये थंडीविषयी अभियंत्यांनी दिलेला इशारा डावलून चॅलेंजर उडविले गेले आणि सात जण दगावले. म्हणजे दोष एका राजवटीचा नाही. तारीख आधी ठरवून मग सुरक्षितता तीत बसविण्याच्या वृत्तीचा तो आहे.

कोरोलेव्ह यांच्या वारशाची दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. सोयूझच्या शिरावर संकटकाळी यान ओढून नेणारा एक लहान अग्निबाण बसविलेला असतो. १९८३ च्या सप्टेंबरमध्ये बैकानूर येथे प्रक्षेपणमंचावरच आग लागली, तेव्हा त्याने तितोव्ह आणि स्त्रेकालोव्ह यांना स्फोटापूर्वी काही क्षण उचलून दूर नेले. दोघे वाचले. त्यानंतर सातच महिन्यांत, ३ एप्रिल १९८४ रोजी, राकेश शर्मा त्याच जातीच्या यानातून गेले. वर्षानुवर्षे निरुपयोगी भार वाटावा अशी ती व्यवस्था एका सेकंदासाठी बाळगलेली असते.

भारतानेही २१ ऑक्टोबर २०२३ रोजी श्रीहरिकोटा येथे गगनयानाच्या सुटका-यंत्रणेची उड्डाणचाचणी घेतली. माणूस बसविण्यापूर्वी अशा चाचण्यांवर जाणारी वर्षे लोकांना दिरंगाई वाटू शकतात. मुदती पुढे ढकलल्या की टीकाही होते. अशा वेळी १९६० च्या डिसेंबरात मुदत जाऊ देणाऱ्या कोरोलेव्ह यांचे स्मरण ठेवावे. गागारिन यांना सर्वप्रथम होण्याचा मान मिळाला, तो त्या विलंबानंतरच.